वरच्या मजल्यावरचा पहिला भाडेकरू

पंपमास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचं घर. उभी हयात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेली. त्याच्या कारखान्यात एक रीत होती. ज्यानं पंप दुरुस्त केला, त्यानंच त्यातल्या पाण्याचा पहिला तांब्या प्यायचा. पोट बिघडलं तर त्याचं बिघडू दे, गिऱ्हाइकाचं नको. ही रीत मास्तरच्या हाडात मुरली, आणि निवृत्तीनंतर बायकोच्या डोक्याला ताप झाली.

वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरलं. एक नर्सबाई बघून गेली. तिला शनिवारी जुनी जागा सोडायची होती, त्यामुळं शनिवारी खोली हवी म्हणजे हवीच. मास्तर म्हणाला, "मालकाची जबाबदारी म्हणजे नुसता रंग फासणं नव्हे. आधी आठवडाभर मीच भाडेकरू म्हणून राहतो."

बायको म्हणाली, "राहा की. तेवढाच माझ्या जिवाला आराम."

मास्तर वळकटी घेऊन वर गेला. करारनामा स्वतःच लिहिला. भाडेकरू म्हणून उजव्या हातानं सही केली, मालक म्हणून डाव्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन स्वतःचंच दार वाजवलं.

"मालकीणबाई, मोरी तुंबलीय."

"मग काढा की. जन्मभर दुसरं काय केलंत?"

"मी भाडेकरू आहे. मालकाला पाठवा."

"मालक वर राहायला गेलाय!"

मास्तरनं जरा विचार केला. आत आला, चपला काढल्या, मालक झाला, पाना घेतला आणि वर निघाला. वरच्या दारावर टकटक करून थोडा थांबलासुद्धा. न विचारता भाडेकरूच्या घरात शिरणं मालकाला शोभत नाही.

मग खिडकीची कडी झाली, जिन्याचा कठडा झाला. एकदा मालकाला यायला उशीर झाला, तर भाडेकरूनं त्याला असा झापला की शेजारीण धावत आली. "कुणाशी भांडतायत हो?"

"मालकाशी," बायको म्हणाली. "आणि चूक मालकाचीच आहे."

शनिवारी नर्सबाई दोन ट्रंका घेऊन दारात उभी. मास्तर वरून हलेना.

"काका, खोली तयार नाही का?"

"तयार? अशी खोली मी जन्मात पाहिली नाही. नळ गळत नाही, दार कुरकुरत नाही. सोडवत नाही बघा! आणि करारात महिन्याची नोटीस लिहिलीय. मला कुणी दिलेली नाही."

नर्सबाईचं तोंड उतरलं. जुन्या जागेची किल्ली ती देऊन आली होती. बायकोनं मात्र पदर खोचला आणि वर ऐकू जाईल असा आवाज लावला. "तुम्ही खाली राहा हो, माझ्या खोल्यांत. मी जाते भावाकडे. फक्त नळाखाली बादली ठेवा, अकरा वर्षं गळतोय. मोरीजवळच्या बटणाला ओला हात लावू नका, झटका देतं. मागचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही."

वरून मास्तर ओरडला, "अगं, असली जागा भाड्यानं देतात? जीव जाईल त्या पोरीचा!"

"आणि मी इतकी वर्षं राहतेय ती?"

"तू कुठं भाडेकरू आहेस?"

"तुम्ही आहात ना? मग खालच्या भानगडीत नाक खुपसू नका."

पण मास्तर हत्यारांची पेटी घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत आला आणि थेट नळाखाली घुसला. तो खाली वाकला तशी बायकोनं वळकटी खाली आणली आणि नर्सबाईच्या ट्रंका वर चढवल्या. काम उरकायला अर्धा तासही लागला नाही.

नळाखालून मास्तरनं विचारलं, "वरचा गेला?"

"गेला."

"जागा नीट तपासून घेतलीस ना?"

"घेतली. भिंतीत एक मोठा खिळा ठोकलाय. न विचारता."

मास्तरनं पाना खाली ठेवला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "नर्सबाई, तुम्ही तरी असलं काही करू नका. माणसाचा विश्वास उडतो."