कॅसेट संपली तरी
जुना गायक सोडून गेला आणि नवा अजून रुळला नव्हता, त्या मधल्या काळातला माझ्या आवडत्या रॉक बँडचा अल्बम परवा पुन्हा लावला आणि अंगावर काटा आला. नव्वदच्या दशकात आम्ही नेरुळला राहायचो, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून. मामाने भरून दिलेली ती कॅसेट मी कॉलेजातून आल्यावर रोज मोठ्याने लावायचे. शेवटच्या लांबलचक गाण्यात कीबोर्डवर अगदी कारखान्यातल्यासारखा भोंगा वाजायचा. एका दुपारीही तो तसाच वाजला. मग खट्ट करून कॅसेट संपली, तरी भोंगा वाजतच राहिला. शेजारच्या काकू दार बडवायला लागल्या, "गॅस सुटलाय गं, खिडक्या लाव, टॉवेल ओला करून नाकाला धर." आई जवळच्या शिरवण्याच्या बाजारात भाजी आणायला गेली होती. डोळे चुरचुरत होते आणि मी ओला टॉवेल धरून जिन्यातल्या पावलांकडे कान लावून उभी होते. बऱ्याच वेळाने आई आली. खोकत होती, डोळे लाल, पण चाल नेहमीसारखी सावकाश. "रडतेस काय अशी? भोंगा ऐकून मला वाटलं, तुझंच ते गाणं लागलंय." अजूनही गाणं भोंग्यापाशी आलं की मी ते थांबवते आणि खिडकीशी जाऊन ऐकते.