दादाच्या सिसिलीत आम्ही चौघं

दादाने सुट्टीसाठी सिसिलीच का ठरवली होती? सगळ्यांना विचारलं. उत्तराऐवजी माझ्याकडे जमत गेले ते हे किस्से. एकावर चिडून होतंय तोवर दुसरा तयार!

दादा, म्हणजे विकास, आयर्लंडमध्ये ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. दोन हजार वीसची ट्रिप त्यानेच बुक केली होती. लॉकडाउनमध्ये ती रद्द झाली, आणि एकवीसच्या जानेवारीत दादाच गेला. सप्टेंबरात त्याचे मित्र जोशी डॉक्टर म्हणाले, "वहिनींना जरा बाहेर काढू." दादाच्या सीटवर मी. मी नववीत शाळा सोडलेला, दादानेच इकडे आणून एका हॉटेलात तंदूरवर लावलेला.

निघायच्या आधीच जोशींच्या बायकोने, शिल्पाताईंनी, मला बाजूला घेतलं. "वहिनींसमोर विकासचं नाव काढायचं नाही हं!"

*

शिल्पाताईंच्या केबिन बॅगेत कुकर निघाला. डब्लिन एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"ग्रँड, चालेल. पण इटलीत जाऊन शिजवणार काय?"

"मुगाची खिचडी!"

त्याने माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की मीच बॅग उचलली.

*

डोंगरावरचं पहिलं गाव लागलं. चढून चढून माझे पाय गेले. जोशी डॉक्टर म्हणाले, "सेम महाबळेश्वर."

दुसरं गाव. "हे पाचगणी."

मग बंदराचं गाव आलं. होड्या, जाळी, निळंशार पाणी. "हर्णै! वाससुद्धा तोच."

"मग हर्णैलाच जायचं होतं ना, डॉक्टर!" मी ओरडलो.

"तिथे पार्किंग मिळत नाही रे."

*

त्याच बंदरावर संध्याकाळी आम्ही मासे मागवले, आणि शिल्पाताईंना संकष्टी आठवली. चंद्र दिसल्याशिवाय त्या जेवणार नाहीत, आणि त्या जेवल्याशिवाय आम्ही कसे जेवणार? मासे गार पडले. सूर्य अजून समुद्रावरच होता. शेवटी त्यांनी पुण्याला सासूबाईंना फोन लावला.

"अगं, इथे केव्हाच उगवलाय. जेवून घे!"

शिल्पाताईंनी उन्हात हात जोडले आणि ब्रेड-चीज मागवलं. आता बोला!

*

आइस्क्रीम खाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "दादाला पिस्ता आवडायचा."

वहिनी थांबल्या. माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पार्किंगचं तिकीट काढलं का रे?" शिल्पाताई म्हणाल्या, "बाई, किती ऊन!"

मी कप कचऱ्याच्या डब्यात फेकला. माणूस गेला म्हणून काय त्याचा पिस्ताही गेला?

*

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मॅपवर विश्वास ठेवून डोंगरावरच्या एका गावात गाडी घातली. गल्ली अरुंद होत होत गेली, आणि गाडी दोन घरांच्या मधे गच्च बसली. एकही दार उघडेना!

माझ्या शेजारून वहिनी म्हणाल्या, "विकास असता तर आधी उतरून गल्ली बघून आला असता."

जानेवारीपासून त्यांच्या तोंडून दादाचं नाव आलं नव्हतं. शिल्पाताईंनी घाईघाईने बाटली पुढे केली. "वहिनी, पाणी घ्या."

पण डॉक्टर भडकले होते. "विकास? कॉर्कच्या ट्रिपला तुमच्या गाडीचा आरसा कुणी तोडला होता?"

"तुम्ही. तो म्हणाला, जोशीने तोडला."

"मी मागे झोपलो होतो, वहिनी!"

"खोटारडा!" वहिनी म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला गणपतीत जेवायला बोलावलं नाही!"

"उकडीचे मोदक हुकले माझे!"

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता मास्कने डोळे पुसायला लागल्या. "अजून काय काय लपवलं त्याने? सांगा मला."

"किती वेळ आहे?" डॉक्टर मागे वळून बसले.

मागून भाजीचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होता. गावातले चार म्हातारे बाह्या सरसावून गाडी ढकलायला धावत आले.

मी सीटवरून डिकीत शिरलो, बाहेर उडी मारली, डिकी लावून घेतली आणि दोन्ही हात पसरून म्हाताऱ्यांसमोर आडवा उभा राहिलो.