खुशीची मारामारी

सुतार म्हणजे अगदी गरीब गाय. गिऱ्हाईक वाकडं बोललं तरी हा आपला मान खाली घालून रंधा मारत राहायचा. पण सुट्टीच्या दिवशी तो आणि बेकरीतला लंबू एका रिकाम्या गोदामाचं शटर अर्धं खाली ओढून एकमेकांना बुकलून काढायचे. वैर नव्हतं, पैज नव्हती. दोघं चाळिशीतले, लहानपणापासूनचे जिवलग. सुजलेल्या थोबाडांनी बाहेर यायचे, चहा प्यायचे, खिदळायचे. आठवड्याचा शीण यातच उतरतो, असं सुतार बायकोला सांगायचा. ती कपाळाला हात लावायची.

एकदा लंबूचा ठोसा वर्मी बसला. सुताराचा एक डोळा गेला, दुसरा अधू झाला. इस्पितळानं पोलिसांना कळवलं आणि त्यांनी लंबूला उचललं.

सुताराची तक्रार नव्हतीच, पण खटला सरकारचा. कोर्टात त्यानं हात जोडून सांगितलं, की लंबूला मीच बोलवायचो, पहिला ठोसाही माझाच असायचा. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या घरी मार खाणारी एखादी बाई इथे उभी राहून हेच म्हणेल," त्या म्हणाल्या. "तिची खुशी खरी की भीतीपोटीची, हे मी कशावरून ओळखू?"

लंबूला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

घरी जाताना बायकोनं त्याचा हात धरला होता आणि तो कायद्याच्या नावानं खडे फोडत होता. ती मध्येच थांबली.

"खुशी तुमची दोघांची होती. मला कुणी विचारलं होतं?"

त्याचं दुकान मेव्हण्यानं चालवायला घेतलं. आखलेली रेघच दिसेना, म्हणून सुतार कोपऱ्यात बसून फळ्यांना पॉलिशपेपर मारायचा.

लंबू सुटल्याचं कळलं तसा तो काठी टेकत त्याच्या घरी गेला. माझ्या मनात काही नाही, म्हणाला. लंबू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुझ्या नसेल रे. पण मला माझ्याच हातांची भीती वाटते. पुतणीलासुद्धा उचलून घेत नाही मी. तू येत जाऊ नकोस."

सुताराला समोर नुसता एक उंच, काळपट आकार दिसत होता. शेवटी लंबूची आई त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तो पुन्हा तिकडे गेला नाही.