बाळंतिणीचा लाडू

मैत्रिणींनो, सकाळचा घास अजून घशाखाली उतरत नाहीये.

मी आशा सेविका. आज निर्मळ गावात एका बाळंतिणीच्या घरी गेले होते. बाळ छान गुटगुटीत, आई मात्र पांढरीफटक. सासूबाईंनी आग्रहानं चहा आणि डिंकाचा लाडू पुढे केला. नाही कसं म्हणायचं? खाल्ला.

खाता खाताच विचारलं, "काय गं, माहेरचे लाडू रोज खातेस ना?"

ती हसून म्हणाली, "ताई, बाळाला बघायला रोज कोणी ना कोणी येतंच. हा शेवटचा होता."

सासूबाई वाईट नाहीत हो. आल्यागेल्याला काहीतरी द्यायचं, एवढंच त्यांना माहीत.

उद्या मी डबा भरून नेणारच आहे. पण खरं सांगा, तुमच्याकडे बाळंतिणीचे लाडू कोण संपवतं?