खुडूक कोंबडीचा पगार

चैत्रातल्या गुरुवारी संध्याकाळी निम्म्या पिलांवर सौदा ठरला. हजर होतो मी, बायको आणि पदरात अंडी धरून दाराशी आलेली एक अनोळखी बाई.

“दादा, माजी कोंबडी मुंगसानं नेली. तुमची खुडूक हाय न्हवं? रस्त्यावरनं खुडखुड ऐकली. अंडी गार पडायच्या आत बसवा की!”

आमची कोंबडी अंडी द्यायचं सोडून रिकाम्या टोपलीत फुगून बसायची. तिची खोड मोडायला बायको तिला पाण्यात बुडवणार होती. बाईने एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. चोची खाल्ल्या, पण हात मागे घेतला नाही.

चिंचोळी एमआयडीसीतून सुटल्यावर ती रोज डोकावायची, कोंबडीशीच बोलायची.

सात पिलं निघाली. ती चरायला लागल्यावर बाईने तीन पदरात घेतली, तीन आम्हाला दिली. सातवं मात्र कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं.

“ह्यो हिचा पगार.”