वहिनीचा कॉम्प्युटर कोणी दुरुस्त केला

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी धावत आला तो आमचा चुलतभाऊ, आणि सगळ्यात मोठ्यानं रडलाही तोच. दारातल्या बायकांना बाजूला सारून आत घुसला, दादाच्या गळ्यात पडला, "माझी विद्यार्थिनी गेली हो" म्हणाला... विद्यार्थिनी! मी त्याचं नाव इथे घेणार नाही, नुसतं प्रोफेसर म्हणेन. ब्रह्माघाटावर कोणालाही विचारा, बोट बरोबर त्याच्याच घराकडे वळेल. गेलेल्या माणसावर लिहिताना मन निर्मळ ठेवावं म्हणतात. माझं नाही, आणि ते तसं नसल्याचं मला वाईटही वाटत नाही.

वहिनी मूळची वाईची. लग्न होऊन काशीत आली आणि आमच्या स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात बावरून गेली. "कचरा बटोर, शेगडी सुलगव" असं आई म्हणायची आणि ही बिचारी माझ्या तोंडाकडे बघत उभी. दुसरी असती तर हसली असती नाहीतर रडली असती. ही लिहून ठेवायला लागली. पुढे तिला छंदच लागला. घाटावरच्या म्हाताऱ्या बायकांपाशी जाऊन बसायची, शेंगा सोलू लागायची, वाती वळायची आणि शब्द गोळा करून आणायची. पुण्याच्या कुठल्या कोशात सापडणार नाहीत असे आमच्या घरांतले, चुलीपाशी जन्मलेले शब्द. प्रोफेसर तेव्हा हसायचा. "वहिनी, बायकांच्या बडबडीचा कोश कोण वाचणार?" ती म्हणायची, "भावजी, तुम्ही नका वाचू." शब्द देणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या, आणि वहिनीपाशी काय आहे हे तिला नीट माहीत होतं. दादानं बँकेतून रिटायर झाल्यावर हौसेनं कॉम्प्युटर आणला, पण त्याच्यावर बसली वहिनीच. मराठी टाइप करायला शिकली, सगळे शब्द आत घातले. जुनी चिठोरी एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ली, त्यानंतर जे काही होतं ते त्या डब्यात होतं. बाहेर काही नाही.

मग कुणीतरी प्रोफेसरला 'काशीतली मराठी' या विषयावर बोलायला बोलावलं आणि त्याला एकाएकी बायकांची बडबड गोड लागायला लागली. रोज चक्कर. "वहिनी, एक कॉपी द्या ना, माझ्याकडे सुरक्षित राहील." ती काही दाद देईना. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही विळी, अडकित्ता, दादाची हत्यारं यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा चांगला जाडजूड हार डब्याच्या तोंडावरून सोडला. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही हा आमच्याकडचा नेम, आणि तो प्रोफेसरला आमच्याइतकाच ठाऊक. जेवायला बोलावलं होतं, भरपूर जेवला, आणि "जरा पाठ टेकतो" म्हणून कॉम्प्युटर होता त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. थोड्या वेळानं लाइट गेली. बनारसची लाइट, ती जायचीच! वहिनी कंदील घेऊन खोलीकडे निघाली तर हा घामाघूम होऊन दारात. "पंखा बंद पडला ना," म्हणाला.

दसऱ्याला सकाळी वहिनीनं कॉम्प्युटर लावला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. बंद केला, परत लावला, परत तीच ओळ. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दादा नुसता येरझारा घालतोय. आणि तेवढ्यात प्रोफेसर हजर, हातात आपट्याची पानं! सोनं द्यायला लोक संध्याकाळी येतात, हा चहाच्या आधीच. पडद्याकडे बघून मान हलवली. "हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट करावी लागणार. म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं सुरुवात. मी डबा घेऊन जातो, माझ्या ओळखीचा माणूस आहे." दादा उचलायला वाकलासुद्धा. वहिनी म्हणाली, "निर्माल्य उतरवल्याशिवाय पूजेतली वस्तू घराबाहेर जायची नाही. भावजी, तुम्ही चहा घ्या." त्यांना बाहेर बसवलं, मला आत ओढलं. हार उतरवला तर खालच्या खाचेत फ्लॉपी बसलेली! आमची नव्हे. तिच्या टोकावर प्रोफेसरच्या कॉलेजाची चिठ्ठी डकवलेली. वहिनीनं पडद्यावरची ओळ बोट ठेवून वाचली. "वन्सं, हा सांगतोय की ही डिस्क चालायची नाही, काढून कुठलंही बटण दाबा. काढा म्हणतो, म्हणजे काढण्यासारखं काही आत आहे ना! आपण कोणी वाचलंच नाही." फ्लॉपी काढली, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू. सगळे शब्द जागच्या जागी. मी देवाचं नाव घेतलं आणि बाहेर जाऊन त्या चोराच्या कानाखाली वाजवायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. "वन्सं, भजी तळा. भरपूर तळा."

मी तळत होते आणि ती आत चोराच्या फ्लॉपीवर टाइप करत होती. तिचा अख्खा कोश त्यानं आदल्या दिवशी उतरवून घेतला होता, आणि लाइट गेल्यावर अंधारात फ्लॉपी काढायला त्याला फुरसत मिळाली नव्हती. तो तसाच ठेवून तिनं त्यात स्वतःच्या मनानं रचलेले शब्द पेरले. कोणी कधी न बोललेले, अर्थासकट, कुठल्या घाटावर ऐकला त्यासकट. मग कॉम्प्युटर बंद, फ्लॉपी पुन्हा आत, वर हार. बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "निर्माल्य काढायला मन होत नाही हो माझं. न्यायच्या आधी तुम्हीच एकदा एकट्यानं बघा." तो गेला, फ्लॉपी खिशात घातली, आणि पाचच मिनिटांत आतून हाक आली, "झालं! फॉरमॅट न करता वाचवलं!" दादाच्या डोळ्यांत पाणी. बर्फीचा अख्खा डबा दिला त्याला. त्या दिवसापासून हा वहिनीच्या कोशाचा उद्धारकर्ता!

पुढं त्याचं पुस्तक निघालं. वहिनीचा कोश छापायला कोणी घेईना, कारण 'या विषयावर आधीच एक पुस्तक आहे'. मी जळफळायचे. ती म्हणायची, "यांना तो एकच भाऊ. मी आहे तोवर घरात तमाशा नको. मी गेले की तुम्ही बोला. तुमच्या तोंडाला कुलूप लागतं थोडंच!" म्हणून आता बोलते, आणि दादा, तूही आता वाच. कोश घरात आहे, ज्याला बघायचा त्यानं यावं. प्रोफेसरच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. जे शब्द फक्त त्याच्या पुस्तकात आहेत ते काशीत कोणाच्या सात पिढ्यांत कोणी उच्चारलेले नाहीत.

परवा शोकसभा झाली. प्रोफेसर उभा राहिला, कॉम्प्युटर कसा वाचवला ते रंगवून सांगितलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "आपल्या काशीकर आयाबायांचा शब्द वापरायचा तर आज मला हुरमुंडी आली आहे." पुस्तकात दिलाय त्यानं: हुरमुंडी, जिवाचं माणूस गेल्यावर येणारी पोकळी. पुढच्या रांगेत गोदूआजी बसल्या होत्या, वहिनीला सगळ्यात जास्त शब्द देणाऱ्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, काय आलंय म्हणतो याला? तबियत बिघडली असेल तर डॉक्टरला दाखवा ना!" सगळ्या म्हाताऱ्यांनी तोंडात पदर कोंबले, खांदे गदगदा हलायला लागले. प्रोफेसरला वाटलं रडताहेत. त्याला आणखी जोर चढला, आणखी दोनदा म्हणाला. मी ओठ चावून रक्त काढलं.

घरी आले ती चप्पल न काढताच वहिनीच्या खोलीत गेले. इतकी वर्षं ती एवढंच म्हणायची, आपण रचलेला एक तरी शब्द त्याच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावा, बस. दार लावून घेतलं. तिच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि सगळं करून दाखवलं. त्याचं खाकरणं, चष्मा काढणं, गोदूआजींचं बोलणं... अगदी हुबेहूब. मग तो शब्द म्हणायची वेळ आली आणि तिथून पुढे मला नक्कल जमेना.