खाऊच्या बॅगेचं गणित

बाळांनो, तुमचा खाऊ घेऊन येणारे काका नोएडातले आमचे समोरचे शेजारी. ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात आणि बहुतेक वाक्यं ‘समजा’ने सुरू करतात.

विमानात ठरावीकच वजन चालतं. मी एकेक डबा बदलून दर वेळी सगळी बॅग पहिल्यापासून तोलत होते.

“समजा काकू, लाडू घेतले, तर उरलेल्या वजनाचा छोटा प्रश्न राहतो. नाही घेतले, तरी छोटाच. छोट्यांची उत्तरं एकदाच काढून जपायची, पुन्हा मोजायचं नाही. तसा प्रोग्राम मी लिहितो, तुम्ही फक्त मुलांच्या आवडीप्रमाणे प्रत्येक डब्याला गुण द्या.”

मी शिस्तीत सगळ्या डब्यांना दहापैकी दहा दिले. प्रोग्रामने मग हलके डबे तेवढे निवडले. पापड, कुरडया, शेवया आत, लाडू बाहेर.

“अच्छा, पण मुलांना यातलं नक्की काय आवडतं?” या वेळी ‘समजा’ नव्हतं.

मला सांगता येईना. डब्यांवर नावं मात्र मी सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

ते घरी जाऊन स्वतःच्या बॅगेतले जाड बूट काढून आले आणि लाडवांचा डबा घेऊन गेले.

खाऊन बघा आणि खरं काय ते कळवा. आजीला वाईट वाटेल म्हणून छान म्हणू नका.